विहिरीवरचा सात तासांचा सिनेमा

शनिवारी दुपारी चार वाजता बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारत होते, "काय मॅडम, आज कोण मरतंय?"

"कोणी मरत नाही, बाबा."

"मग काय होतं?"

"काही होत नाही. वातावरण असतं."

"असं होय. म्हणजे खिडकी उघडून बसलं तरी चालेल."

मॅडम म्हणजे त्यांची मुलगी. ती एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच पोटापाण्याचं काम असल्यामुळे आपलीही चूक होऊ शकते, ही शक्यता तिने कधी विचारात घेतलेली नव्हती. दर शनिवारी पाच वाजता तिच्याकडे सिनेमंडळ भरायचं. ज्या सिनेमांत माणसं बोलण्याआधी तीन मिनिटं खिडकीबाहेर बघतात आणि मग बोलतच नाहीत, तसे सिनेमे. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक यायचे आणि हनुवटीला हात लावून दर मिनिटाला मान डोलवायचे. दातांच्या डॉक्टरीणबाई यायच्या. त्यांना प्रत्येक सिनेमा "प्रामाणिक" वाटायचा. तळमजल्यावरचे वकील यायचे ते चहासाठी, आणि ते त्यांनी कधी लपवलं नव्हतं.

चहा बाबांचा. टेलिफोन खात्यातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले बाबा चहा करून दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत बसायचे. एकदा पडद्यावर नळ ठिबकत होता. तो नऊ मिनिटं ठिबकला. प्राध्यापकांचे डोळे नुकते कुठे पाणावत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे, वायसर बदला रे त्याचा कोणीतरी."

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा पडला आणि वकिलांच्या पायाखाली आला. तेव्हापासून सिनेमा लावायची वेळ झाली की मुलगी हळूच म्हणायची, "बाबा, जरा खाली फिरून या ना. मध्यंतराला या." बाबा जायचे. सव्वासहाच्या ठोक्याला परत यायचे आणि आधण ठेवायचे.

त्या शनिवारीही गेले, आले, चहा केला. मंडळी पांगल्यावर कप विसळताना त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"कळला का गं तुला?"

"कळला."

"मग मला सांग ना."

"सांगण्यासारखा नसतो, बाबा. आणि कप सहा, बशा पाच, हे कसं?"

"बशीचंही वातावरण असेल काहीतरी."

तेवढ्यात बेल वाजली. दारात वकील.

"सेक्रेटरीसाहेब, माझ्या बॉनेटवर पुन्हा मांजराचे पाय. सलग तिसरा शनिवार. कोणीतरी त्या मांजराला मुद्दाम माझ्या गाडीवर खायला घालतंय."

बाबा इमारतीचे सेक्रेटरी होते. त्यांनी हात पुसले आणि आवाज खाली आणला. "गुन्हेगार सुटणार नाही. उद्या मी जातीने पार्किंगच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघतो."

रविवारी दुपारभर ते जिन्याखालच्या मशीनपाशी बसले. संध्याकाळी वकिलांना म्हणाले, "नेमका कॅमेराच बंद होता हो."

सोमवारी पहाटे बाबा झोपेतच गेले.

दोन महिन्यांनी प्राध्यापकांचा फोन आला. "मंडळ पुन्हा सुरू करू या. तुमच्याही मनाला बरं वाटेल."

तिला बरं वाटणार नव्हतं. दाराजवळची खुर्ची रिकामी दिसणार होती, आणि रोज सव्वासहा वाजत होते तेवढे पुरेसे होते. पण नको म्हटलं की ते "का?" म्हणून विचारणार. त्या प्रश्नाचं उत्तर चार लोकांत देण्याइतकी ती धीट नव्हती. म्हणून तिने एक बेत रचला, आणि बेत तिच्या मते बिनचूक होता.

तिचे सगळे सिनेमे पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह काडेपेट्यांत. प्रत्येक पेटीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी. त्यातली एक काडेपेटी चार वर्षं कोणी उघडली नव्हती. "विहीर. सात तास." एका विहिरीवर पाणी भरायला येणाऱ्या माणसांचा मूक, कृष्णधवल सिनेमा. त्याचं नाव निघालं की सगळे आदराने गप्प व्हायचे आणि "एकदा निवांत बघू" म्हणायचे. तिने तो दोनदा पाहिला आहे, असं तिने सांगून ठेवलं होतं. एकदाही पाहिला नव्हता.

आता सात तास दाखवायचे. त्यातून मंडळ उठलं की पुन्हा कधी भरणार नाही. कोणी "का?" म्हणून विचारणार नाही. उलट आपणहून तोंड चुकवतील.

"बाबांच्या आठवणीसाठी 'विहीर' लावू या," तिने सांगितलं. "सगळा?" प्राध्यापकांनी विचारलं.

शनिवारी पाचला तिघे आले. प्राध्यापकांनी मानेखाली घ्यायची उशी आणली होती, डॉक्टरीणबाईंनी औषधाची संध्याकाळची गोळी. वकिलांनी आधी स्वयंपाकघरात डोकावून पातेलं गॅसवर आहे ना ते पाहिलं. तिने भिंतीवरच्या चादरीवर सिनेमा लावला. चित्राचा वरचा कोपरा नेहमीप्रमाणे चादरीबाहेर, पुस्तकांच्या कपाटावर सांडला. ती पडद्याकडे न बघता चहाला गेली.

चहा एकदा उतू गेला. मग दुसऱ्यांदा. बाहेरून आवाज येत होते.

"काय चौकट आहे. वीस मिनिटं झाली, कॅमेरा हललेला नाही."

"फार प्रामाणिक आहे."

"पण विहीर कुठे आहे?" हे वकील.

"विहीर दाखवायचीच नाही, हेच तर धाडस आहे. हो ना हो?" प्राध्यापकांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

"दुसऱ्यांदा पाहताना जास्त कळतं," ती गाळणी शोधत ओरडली.

खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"ही माझी गाडी आहे," वकील म्हणाले.

"आपल्या सगळ्यांचीच आहे, वकीलसाहेब."

"नाही हो. माझी आहे. डावा आरसा बघा, चिकटपट्टी लावलीय."

"हेच तर. तुम्ही त्यात स्वतःला पाहताय. चार वर्षांत पहिल्यांदाच पाहताय."

"अहो, नंबर वाचतो ना मी."

"श्श," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणूस आला."

गाळणी काही सापडली नाही. तिने चहा तसाच कपांत ओतला, ट्रे उचलला आणि ती बाहेर आली.

चादरीवर वरून दिसणारं एक टक्कल चाललं होतं. काखेत घडीची खुर्ची, हातात एक बशी. टक्कल गाडीपाशी थांबलं. खिशातून रुमाल काढून त्याने बॉनेट आधी नीट पुसलं, मग त्यावर बशी ठेवून दूध ओतलं. खांबामागून एक मांजर आलं आणि सवयीने वर चढून बसलं. माणसाने खुर्ची उघडली आणि तो कोऱ्या भिंतीकडे तोंड करून मांजराशेजारी बसला. मग तो बोलू लागला. आवाज नव्हता, पण हात दिसत होते. एक हात ठिबकत होता, थेंब थेंब. मांजराने दूध सोडून त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने हनुवटीला हात लावला आणि अतिशय गंभीरपणे मान डोलवली.

दिवाणखान्यात प्राध्यापकांनीही हनुवटीला हात लावून मान डोलवली. "किती सूक्ष्म अभिनय," ते म्हणाले.

"नट कोण आहे हा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

तिने कपाटाकडे पाहिलं. चित्राचा सांडलेला कोपरा शब्दकोशाच्या पाठीवर पडला होता. तिथे तारीख होती. बाबांच्या शेवटच्या शनिवारची.

पडद्यावरच्या माणसाला तेवढ्यात काहीतरी आठवलं. त्याने सावकाश मान वर केली आणि थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं. इमारतीच्या सेक्रेटरीला इमारतीचा कॅमेरा आठवला की चेहरा जसा होईल, तसा तो चेहरा अख्ख्या चादरीवर पसरला.

प्राध्यापकांचा हात हनुवटीवरून खाली आला.

"म्हणजे सेक्रेटरीच," शेवटी वकील म्हणाले. "आणि मला म्हणाले, कॅमेरा बंद होता."

तिच्या सगळं लक्षात आलं. बाबांनी ते रेकॉर्डिंग कॅमेऱ्याच्या मशीनमधून पुसलं होतं. पण चाळीस वर्षांच्या नोकरीत ज्याने वीतभर तार टाकून दिली नाही, त्याच्याने ते साफ टाकवलं नसणार. ठेवायला पेनड्राइव्ह हवा होता, आणि या घरात कोणी कधीच लावणार नाही असा पेनड्राइव्ह एकच होता. त्यावरची विहीर पुसून बाबांनी तिथे आपली जागा केली होती. मुलीने दोनदा पाहिलाय म्हणून सांगितलं होतं, आणि बाबांनी त्यातल्या एका अक्षरावरही विश्वास ठेवला नव्हता.

"माफ करा हो," ती वकिलांना म्हणाली. "गाडीला ओरखडे..."

"ओरखडे कसले. पुसून घेतलं की त्यांनी आधी." वकिलांनी घसा साफ केला. "मी इतकं कधी पुसत नाही. जरा मागे घेता का? तो हात ठिबकवतात, तिथून."

तिने मागे घेतलं नाही. पडद्यावर बाबांनी घड्याळात बघितलं आणि ते दचकून उठले. सव्वासहा होत आले होते. वर चहाची वेळ. त्यांनी खुर्ची मिटली, मांजराच्या डोक्यावरून हात फिरवला, सहावी बशी शर्टाच्या पोटाशी लपवली, आणि निघण्याआधी मान मागे टाकून, कॅमेऱ्याच्याही पलीकडे, वर कुठेतरी पाहिलं. वर जिथे तिची खिडकी होती.

तिने ट्रे खाली ठेवला. दाराजवळची वेताची खुर्ची ओढत आणली आणि सगळ्यांच्या पुढे, चादरीसमोर मांडली.

"नाही कळला, बाबा," ती म्हणाली. "त्या दिवशीचाही नाही, आणि त्याच्या आधीचा एकही नाही. वर या. इथे पुढे बसा. चहा मी केलाय, आणि तोही जमलेला नाही."