ते गोपनीय हाय

मल्लिनाथअण्णांना डब्यात काय आणलंय असं विचारलं की ते आधी डब्याला झाकण लावायचे. मग उजवीकडं बघायचे, मग डावीकडं, आणि मग हळूच सांगायचे, "ते गोपनीय हाय."

डब्यात ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी असायची. रोज. लसणाचा वास पार साहेबांच्या केबिनपर्यंत जायचा. तरी ते गोपनीय.

कर्नाटकच्या सीमेला लागून असलेल्या तालुक्याच्या एका सरकारी ऑफिसात अण्णा गोपनीय टेबल सांभाळायचे. मोहरबंद लखोटे, वजनदार माणसांविरुद्धच्या तक्रारी आणि अचानक तपासणीचे आदेश. कोणत्या रेशन दुकानावर जायचं, वाळूच्या गाड्या कुठं अडवायच्या, हे आदल्या दिवशी फक्त साहेबांना आणि अण्णांना माहीत असायचं. मी शेजारच्या टेबलावर. गाव बेंबळी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो. म्हणून अण्णा मला 'बीए' म्हणायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला सरकार समजावून सांगितलं. "बीए, सरकार म्हंजी काय? सरकार म्हंजी कपाट. अन् कपाट म्हंजी किल्ली."

ही किल्ली अण्णांच्या करदोट्याला बांधलेली असायची आणि करदोटा काही लांब नव्हता. त्यामुळं कपाट उघडताना अण्णा टाचा उचलून, कंबर कुलपाला भिडवून उभे राहायचे. तेवढा वेळ आम्ही सगळे खिडकीबाहेर बघायचो. विभूतीचे तीन पट्टे लावलेलं ते गंभीर कपाळ कपाटाला टेकलेलं असायचं, आणि साहेबसुद्धा त्या वेळी मध्ये बोलायचे नाहीत.

त्यांना किती वाजले विचारलं तर ते मनगट झाकायचे. रजेच्या अर्जात कारणाच्या जागी 'गोपनीय' लिहायचे. साहेब नवे होते, कोकणातले. त्यांनी घाबरून रजा मंजूर केली. नंतर कळलं, अण्णा दात काढायला गेले होते.

आता तपासणीला जायचं म्हणजे जीपमध्ये डिझेल लागणार. म्हणजे ड्रायव्हर ईरण्णाला आदल्या दिवशी सांगणं आलं. हळू सांगावं तर ईरण्णा अंगणात आणि अण्णांचे गुडघे दुखणारे. यावर अण्णांनी तोड काढली होती. ते खिडकीतून कानडीत ओरडायचे. "ईरण्णाऽऽ! नाळे मुंजानी!" म्हणजे उद्या सकाळी. आणि पुढं गावाचं नाव, दुकानदाराचं नाव, सगळं खणखणीत.

मी एकदा विचारलं, "अण्णा, कुणाला कळलं तर?"

"आता कोण बोलतंय कानडी, बीए? समदं मराठी झालंय. मला येती अन् ईरण्णाला येती. सरकारला असा कोडवर्ड फुकटात गावला न्हाय कुठं."

मला ते पटलं. आमच्या बेंबळीकडं कुठं कानडी? आणि खिडकीखाली गंगव्वा मावशींची चहाची टपरी होती, तिथंही अण्णा गेले की सगळे त्यांच्याशी मराठीतच बोलायचे. "या अण्णा, बसा अण्णा, चहा घ्या अण्णा." अगदी पुस्तकातल्यासारखं.

पण आमच्या अचानक तपासणीला अचानक असं काही उरलंच नव्हतं. एका रेशन दुकानावर गेलो तर भावफलक नुकता रंगवलेला, वजनकाट्याला हळदकुंकू लावलेलं आणि दुकानदार हार घेऊन दारात. म्हणाला, "साहेब, लई उशीर केला जी. पोहे गार झाले." नदीवर गेलो तर पात्रात एकही ट्रॅक्टर नाही. एक म्हैस तेवढी डुंबत होती. तिनं आमच्याकडं असं बघितलं, की तिलाही आदल्या दिवशी कळलं असावं.

वरून पत्र आलं: आतला माणूस शोधा, नाहीतर साहेबांवरच कारवाई. सगळ्यात जास्त पेटले ते अण्णा. निवृत्ती जवळ आलेली आणि आयुष्यभराच्या नोकरीला एक डाग नाही. "माझ्या टेबलावरनं गळती? घरभेद्याला घावू द्या, चामडं लोळवतो!" ते सगळ्यांचे डबे तपासायला लागले. माझ्यावर विशेष डोळा. "बीए, तुजा मोबाईल लई वाजतोय."

"आई फोन करते अण्णा, जेवला का म्हणून."

"मग सांगतोस का तिला खरं?"

मग जिल्ह्याहून एक तज्ज्ञ आले. त्यांनी पडद्यावर आतल्या माणसाची लक्षणं दाखवली. तो एकटा राहतो. कामाशिवाय बोलत नाही. सुट्टीच्या दिवशीही ऑफिसात येतो. एकेक लक्षण पडद्यावर आलं तसे आम्ही एकेक जण अण्णांकडं बघायला लागलो. अण्णा मात्र मान खाली घालून सगळं उतरवून घेत होते. शेवटी त्यांनी त्या कागदावर 'गोपनीय' असा शिक्का मारला.

तज्ज्ञांच्या सल्ल्यानं पुढच्या तपासणीआधी सगळ्यांचे मोबाईल गोळा केले आणि भाकरीच्या दुरडीत ठेवले. दुरडीवर पहारा अण्णांचा. साहेब स्वतः मला घेऊन टपरीवर बसले, बाहेर कोण जातंय ते बघायला. शेजारच्या बाकावर एक रेशनवाला बशीत चहा ओतत होता.

तेवढ्यात वर खिडकी उघडली. "ईरण्णाऽऽ! नाळे मुंजानी!"

रेशनवाल्यानं बशी तशीच ठेवली, मोटरसायकलला किक मारली आणि गेला. भाजीवाल्या दोघी आपसांत हसल्या. साहेबांनी गंगव्वा मावशींना विचारलं, "काय म्हणाले हो अण्णा?"

"आमाला काय कळतंय साहेब कानडी," मावशी म्हणाल्या, आणि लगेच टपरीत शिरलेल्या शेळीला कानडीतून अशी शिवी हासडली की शेळीलाही ती नीट कळली.

साहेबांनी अण्णांना केबिनमध्ये बोलावलं. फाईल धरायला मी होतोच.

"अण्णा, अख्ख्या बाजाराला कानडी येते."

अण्णा हसले. "न्हाय साहेब. माझ्यासंगं समदे मराठीतच बोलत्यात."

"मुद्दाम बोलतात. तुम्हाला संशय येऊन तुमचं ओरडणं थांबू नये म्हणून."

अण्णांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. "समदे?"

"सगळे."

"गंगव्वा बी?"

साहेबांनी मान हलवली.

"साहेब, घरची गेली," अण्णा म्हणाले, "तवापासनं घरात कानडी बोलायला कुणी राहिलं न्हाय. पोरगं पुण्याला. नातवाला येत न्हाय. भायेर कुणासंगं दोन शब्द बोलाया गेलो तर लोक मराठीत उत्तर द्यायचे. मला वाटलं, संपली. मला वाटलं, आपली भाषाच गोपनीय झाली."

निलंबनाचा कागद टाइप होऊन समोर पडला होता. साहेबांनी तो उलटा ठेवला. "किल्ली द्या फक्त," ते म्हणाले.

करदोट्याची गाठ जुनी होती, सुटता सुटेना. कुणी हसलं नाही.

खिडकीला खिळे ठोकले. वर कळवलं की गळती सापडली, बंद केली. गोपनीय आदेशांसाठी साहेबांनी मोबाईलवर 'अतिगोपनीय' नावाचा ग्रुप काढला, त्यात आम्हा सगळ्यांना घेतलं. पुढच्या दुकानावर गेलो तेव्हा हार होता, आणि या वेळी पोहे गरम होते.

अण्णा आवक-जावकच्या टेबलावर गेले. टपरीवर जाणं त्यांनी सोडलं. डबा उघडा ठेवून जेवायला लागले. झाकण एका बाजूला पडलेलं. ते बघवत नसे.

एक दिवस दुपारी गंगव्वा मावशी स्वतः चहा घेऊन पायऱ्या चढून वर आल्या आणि अण्णांच्या टेबलापुढं उभ्या राहिल्या. "अण्णा, ऊटा आतेनरी?"

जेवण झालं का, एवढंच.

अण्णांनी मान वर केली नाही. "झालं," मराठीत म्हणाले.

मावशी हलल्या नाहीत. पदराशी चाळा करत त्यांनी कानडीत बरंच काही सांगितलं. त्यात 'पार्वती' हे अण्णांच्या गेलेल्या बायकोचं नाव दोनदा आलं, तेवढंच मला कळलं. अण्णांनी मान वर केली. एक शब्द बोलले. मग एक वाक्य. मग थांबेचनात. चहावर साय धरली. मधेच दोघं हसले, मधेच मावशींनी डोळ्याला पदर लावला, आणि अण्णांचा आवाज तसाच खणखणीत झाला, खिडकीतून यायचा तसा.

मावशी गेल्यावर मी विचारलं, "अण्णा, काय म्हणत होत्या?"

अण्णांनी डब्याला झाकण लावलं. उजवीकडं बघितलं, मग डावीकडं.

"बीए," ते म्हणाले, "ते गोपनीय हाय."