मोरितासानचा रायफल-परवाना

मोरितासान कुठल्याही वस्तूची किंमत येनमध्ये सांगत नाहीत, रायफलच्या गोळ्यांमध्ये सांगतात. केस कापायला किती पडले म्हणून विचारलं तर "तीन गोळ्या." देवळाची वर्गणी "दहा गोळ्या, आणि पुजारी पावती देत नाही." माझा नवा लॅपटॉप त्यांनी एकदा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, वजनाचा अंदाज घेतला आणि परत देत म्हणाले, "अडीचशे गोळ्या. आणि यानं हरीण पडत नाही."

एका गोळीत साधारण कोंबिनीतला, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानातला, जेवणाचा एक डबा येतो. एवढं लक्षात ठेवलं की मोरितासानशी व्यवहाराचं बोलता येतं.

मी आणि अश्विनी क्योतोच्या उत्तरेला डोंगरातल्या एका गावात राहायला गेलो, तेव्हा मोरितासान आमचे शेजारी झाले. माझं काम विद्यापीठात, पण कामाचा माल डोंगरात. हरणं जंगल खाऊन फस्त करतात, ती किती वयाची आहेत हे दातांवरून ठरवायचं, असं माझं संशोधन. त्यासाठी हरणांचे जबडे लागतात, आणि जबडे शिकाऱ्यांकडे असतात. म्हणून दर रविवारी मी मोरितासानच्या टोळीबरोबर जाऊ लागलो. मी पक्का शाकाहारी. सबंध हरणातला फक्त जबडा मागणारा आणि मांसाकडे ढुंकूनही न बघणारा असा सभासद टोळीला यापूर्वी मिळाला नव्हता. मला फार लवकर आपलं म्हटलं गेलं.

शिकारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मिशा, गुडघ्यापर्यंत बूट आणि वाघाच्या अंगावर ठेवलेला पाय येतो. आमच्या टोळीचं सरासरी वय सत्तरीच्या आसपास होतं आणि पाय जिथे ठेवायचा तिथे ठेवतानाही बरेच जण "आई गं"चा जपानी अवतार उच्चारत. डोंगराच्या पायथ्याशी एक पत्र्याची खोली होती. मधोमध शेगडी, भोवती उभे राहून सगळे डबे खात. बोलणं शौर्याचं नसे. पेट्रोल, पेन्शन, गुडघे, सुना, आणि रायफली.

रायफलींचं बोलणं बहुतेक ओकुदासान काढत. त्यांचा पेट्रोलपंप होता. जपानात छऱ्यांची बंदूक दहा वर्षं नीट सांभाळल्याशिवाय रायफल मिळत नाही. ओकुदासाननी ती दहा वर्षं अक्षरशः बोटांवर मोजली होती आणि अकराव्या वर्षी परदेशी रायफल घेतली होती. वर दुर्बीण.

"मोरितासान, ही दुर्बीण तुमच्या ट्रकपेक्षा महाग आहे," ते म्हणत.

"असेल. ट्रक मला घरी तरी पोचवतो."

"तुमच्या रायफलीचा दस्ता तारेनं बांधलाय. हरणं हसत असतील."

"हसू दे. हसताना ती उभी राहतात."

याच ओकुदासानची एक गोळी एकदा बर्फात हरवली. आपल्याकडे गोळी हरवली तर हरवली. इथे प्रत्येक गोळीची वहीत नोंद असते: किती आणल्या, किती झाडल्या, किती उरल्या. एक कमी भरली तर पोलिसात जावं लागतं, आणि पुढच्या वेळी परवाना देताना पोलीस ते विसरत नाहीत. त्यामुळे सहा म्हातारे आणि एक संशोधक सकाळी नऊ ते दुपारी दोन बर्फात रांगत होते. समोरच्या धारेवर तीन हरणं येऊन उभी राहिली. बराच वेळ आमच्याकडे बघत होती. कोणी मान वर केली नाही. शेवटी गोळी ओकुदासानच्याच दुमडलेल्या विजारीच्या घडीत सापडली. मोरितासान गुडघे झटकत उठले आणि म्हणाले, "आजचा अख्खा दिवस एका गोळीला पडला. स्वस्तच मिळाला."

किमतीची ही सवय त्यांना लागली कशी, ते मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. फुमिसान बुटक्या, शांत, आणि कधीही आवाज न चढवणाऱ्या. मोरितासान लाकडाच्या गिरणीत होते. इथल्या रिवाजाप्रमाणे पगाराचं पाकीट न उघडता बायकोच्या हातात जाई आणि बायको नवऱ्याला हातखर्च देई. "यांना हातखर्च दिला की हे सगळ्याच्या गोळ्या आणायचे," फुमिसान म्हणाल्या. "म्हणून यांना दुसऱ्या कशाचा भाव ठाऊकच नाही. तांदूळ केवढ्याला येतो विचारा." मी विचारलं. मोरितासाननी विचार करून सांगितलेल्या भावात तांदूळ मिळत असता तर आम्ही पोतीच्या पोती भरून ठेवली असती.

पूर्वेकडच्या मोठ्या भूकंपानंतर तिसऱ्या वर्षी फुमिसान गेल्या. आजारपण थोडक्या दिवसांचंच होतं. मोरितासान पुढच्या रविवारी टोळीत आले, नेहमीच्या जागी उभे राहिले. ओकुदासाननी दुर्बिणीचा विषयसुद्धा काढला नाही, त्यावरून मला प्रसंगाचं गांभीर्य कळलं.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या स्वयंपाकघरासमोर येते. थोड्या दिवसांनी अश्विनी म्हणाली, "अरे, तुझे मोरितासान उभ्यानंच जेवतात."

"म्हणजे?"

"म्हणजे सिंकपाशी उभे राहून. भाताच्या भांड्यातून, चमच्यानं. घोड्यासारखे. रोज."

मी बघितलं. खरं होतं. जेवण साताठ मिनिटांत उरकायचं, मग भांडं तिथेच धुवायचं. ताट-वाटीचा प्रश्नच नाही.

"जाऊन सांग ना काहीतरी," अश्विनी म्हणाली.

"काय सांगू? बसून जेवा?"

"का, जीभ झडेल?"

जीभ झडली नसती. पण शेजारी खिडकीतून काय पाहतो हे शेजाऱ्याला सांगायचं नसतं, एवढी जपानी सभ्यता मी तोवर शिकलो होतो. ज्या सभ्यता सोयीच्या असतात त्या आपण लवकर शिकतो.

आणखी एक गोष्ट बदलली. मोरितासान हरणं मारीनासे झाले. टोळीबरोबर येत, आपल्या जागी रायफल घेऊन बसत, आणि त्यांच्या बाजूनं गेलेलं हरीण सुखरूप पार जाई. वर्षातून काही वेळा सरावाच्या मैदानावर जाऊन पाचदहा गोळ्या तेवढ्या झाडत, कारण न वापरलेली बंदूक पोलीस काढून घेतात.

"मारायचं नाही तर ठेवता कशाला?" ओकुदासाननी एकदा विचारलं. "परवाना, तपासणी, डॉक्टरचा दाखला. आपल्या वयाला कटकट नुसती. देऊन टाका."

"रायफल असली की हवालदार घरी येतो," मोरितासान म्हणाले.

सगळे हसले. हवालदार घरी येऊ नये म्हणून माणसं काय काय करतात. मीही हसलो.

मग त्यांना पंचाहत्तरावं लागलं. पंचाहत्तरीनंतर परवाना नवा करायचा तर स्मरणशक्तीची परीक्षा द्यावी लागते. कागदावर घड्याळ काढायचं, सांगितलेली वेळ दाखवायची, चित्रं बघून थोड्या वेळानं आठवायची. टोळीनं पत्र्याच्या खोलीत त्यांची तयारी करून घेतली. ओकुदासान परीक्षक झाले. एका पुठ्ठ्यावर त्यांनी चित्रं काढली होती.

"पहिलं चित्र कुठलं होतं?"

"तोफ."

"बरोबर."

"पण तिचं चाक तुम्ही फार पुढे काढलंय. उडाली तर तोंडावर पडेल."

यावर वीस मिनिटं वाद झाला आणि उरलेली पंधरा चित्रं परीक्षकासकट सगळेच विसरले.

परीक्षेत मोरितासान उत्तम पास झाले. अडचण दुसरीकडे होती. परवाना देण्यापूर्वी पोलीस घरच्या माणसाला विचारतात: हा गृहस्थ कसा आहे, दारू किती पितो, भांडतो का, घरी शांतता आहे का. घरचं माणूस नसेल तर ओळखीचं कोणीतरी लागतं. त्यांचा मुलगा तोक्योत, एदोगावात. तो फोनवर म्हणाला होता, "बाबा, ती बंदूक देऊन टाका. मला विचारलं तर मी हेच सांगेन." टोळीतल्यांचं चालेना, कारण ते स्वतःच बंदूकवाले. कोणी सांगणारं मिळालं नाही, तर रायफल जाणार हे उघड होतं.

एका शनिवारी सकाळी मोरितासान आमच्या दारात आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात शिताके अळिंब्यांची पिशवी. कंबरेत वाकून नमस्कार केला, नेहमीपेक्षा बराच खाली.

"जोगुसान, सहा गोळ्यांच्या अळिंब्या आहेत," म्हणाले. "मंगळवारी दहाला हवालदार येणार आहे. तुम्ही माझ्याविषयी दोन शब्द बोलाल का?"

मी अर्थातच हो म्हटलं.

"खरं बोला," ते जाताना म्हणाले. "नुसतं चांगलं नको."

हा नम्रपणा असणार असं मी धरून चाललो. आपल्याकडे सत्कारमूर्तीही असंच म्हणतात.

मंगळवारी मी गेलो. नाकाईसान हे गावच्या चौकीचे हवालदार, पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे. त्यांनी रायफलचं कपाट पाहिलं, गोळ्यांची वेगळी पेटी पाहिली, वही पाहिली. मग मोरितासान नियमाप्रमाणे खोलीबाहेर गेले, म्हणजे सरकतं कागदी दार ओढून शेजारच्या खोलीत बसले. त्या दारातून माशी फिरली तरी ऐकू येते.

मी तयारी करून गेलो होतो. कष्टाळू, सत्शील, निसर्गावर प्रेम करणारे, तरुण संशोधकांचे आधारस्तंभ. जपानी भाषेत मला जेवढी विशेषणं येत होती ती सगळी मी मोरितासानना वाहिली. समारंभातली अशी भाषणं मी आयुष्यभर मागच्या रांगेत बसून कुचेष्टेनं ऐकली आहेत. ती करायला इतकी सोपी असतात हे मला ठाऊक नव्हतं.

नाकाईसाननी काहीच लिहून घेतलं नाही. पेन खाली ठेवलं.

"तक्रार काही?" त्यांनी विचारलं.

"मुळीच नाही."

नाकाईसान थोडे घुटमळले. मग कागदी दाराकडे एकदा बघून, आवाज मुळीच न उतरवता म्हणाले, "वीस वर्षं मी या घरी येतोय. फुमिसान दर वेळी एक तक्रार सांगायच्या. एकच. एका वर्षी, मोजे उलटे काढून टाकतात. एका वर्षी, माझ्या बहिणीच्या घरी आले की तोंड मिटून बसतात. भूकंप झाला त्या वर्षी, आणीबाणीच्या पिशवीत यांनी फक्त कुत्र्याचं खाणं भरलंय. तुम्ही त्यांना का सांगत नाही, मी विचारायचो. तर म्हणायच्या, नवऱ्याला असं तोंडावर कसं सांगायचं? आणि तेवढं जरा मोठ्यानं म्हणायच्या."

"मग?"

"मग काय. पुढच्या वर्षी मोजे सुलटे असायचे. बहिणीकडचं माहीत नाही. पिशवी ती बघा."

दाराजवळ खुंटीला कापडी पिशवी टांगलेली होती. फुगलेली. वरच्या कप्प्यात बायकांची लोकरी टोपी दिसत होती.

पलीकडच्या खोलीत काही हललं नाही. दाराच्या कागदावर, खालच्या बाजूला, बसलेल्या माणसाची सावली होती. ताठ. मला 'रायफल असली की हवालदार घरी येतो' हे मोरितासानचं उत्तर आठवलं आणि त्यावरचं आमचं हसणं आठवलं.

"तर," नाकाईसान पेन उचलत म्हणाले, "तक्रार काहीच नाही?"

"एक आहे," मी म्हटलं. "ते उभ्यानं जेवतात. सिंकपाशी, भाताच्या भांड्यातून. आमच्या खिडकीतून दिसतं. माझ्या बायकोला ते आवडत नाही." मग मला हे फारच भित्रं वाटलं. "मलाही आवडत नाही."

नाकाईसाननी ते सगळं लिहून घेतलं की नुसतं लिहिल्यासारखं केलं, मला सांगता येणार नाही. पेन मात्र बराच वेळ चालत होतं.

परवाना मिळाला.

पुढच्या रविवारी पत्र्याच्या खोलीत सगळे नेहमीसारखे शेगडीभोवती उभे राहून डबे उघडत होते. ओकुदासान नव्या गोळ्यांचे वाढलेले भाव सांगत होते. मोरितासाननी कोपऱ्यातला एक रिकामा खोका ओढला, उपडा केला, त्यावर रुमाल अंथरला आणि बसले.

"काय झालं?" ओकुदासाननी विचारलं. "गुडघे गेले का?"

"पोलिसात तक्रार गेली आहे," मोरितासान म्हणाले.

मग त्यांनी डबा मांडीवर घेतला, आणि दुसरा एक खोका पायानं माझ्याकडे सरकवला.