घर कोना नाववर शे?

विमलमावशी कुणाच्याही घरी गेली की पाणी घ्यायच्या आधी विचारायची, "घर कोना नाववर शे?" म्हणजे घर कुणाच्या नावावर आहे? नव्या सुनेला हाच प्रश्न, बारशाला पाळण्यापाशीही हाच. एकदा तिनं सत्यनारायणाला आलेल्या भटजींनाही सोडलं नाही.

इथं गुजरातेत, लिंबायतच्या आमच्या गल्लीत बायका घरबसल्या साड्यांवर खडे चिकटवतात. मावशीही तेच करायची. "डोळे आपले जातात, घराला नाव मात्र नवऱ्याचं लागतं," म्हणायची. बायका हसायच्या, नवरे तिला टाळायचे. ती दिसली की माझे मालक बनियनवर शर्ट चढवून मागच्या दारानं सटकायचे. रूम त्यांच्या एकट्याच्या नावावर होती. निम्मे पैसे माझ्या खड्यांचे होते, पण मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मागच्या साली ते तापानं गेले. तेरावं झालं आणि त्यानंतर चौथ्या दिवशी मोठे दीर गुजरातीत टाइप केलेला कागद घेऊन आले. म्हणाले, "लाइटचं मीटर तुझ्या नावावर करायचंय. इथं सही कर."

मी सातवी शिकलेली, पण साक्रीकडच्या मराठी शाळेत. गुजराती वाचता येत नाही. पदरात दोन मुली. सही केली तर कशावर करते ते कळत नव्हतं, नाही केली तर उद्या आमच्या मागं कोण उभं राहणार? मी पेन उचलला.

तेवढ्यात मावशी आली आणि उंबऱ्यातच बसली.

"भाऊ, मोठ्यानं वाचा ना. आम्ही अडाणी."

दीर मीटरचं वाचू लागले. मावशीला अक्षर येत नाही, पण पुढं झुकून, दीर थांबले की ती कागदावरचं बोट एकेक ओळ खाली सरकवत होती. वाचून झालं तशी म्हणाली, "तुम्ही पाचदा थांबले. इथं नऊ ओळी शेत."

दीरांनी कागद जवळ ओढला.

"राहिलेल्या वाचा, नाहीतर गल्लीतल्या पोराकडून वाचून घेऊ. आम्हाला घाई नाही."

त्यांनी वाचल्या. रूमवरचा हक्क मी राजीखुशीनं सोडतेय, असं त्यात होतं. शेवटचे शब्द तर ऐकूही येईनात. मी पेन खाली ठेवला. कागदाची घडी करून दीर चपला शोधू लागले. मावशीनं पाय आखडून त्यांना वाट दिली.

ते गेल्यावर मी तिला पाणी दिलं. पेला दोन्ही हातांत धरूनही पाणी लुगड्यावर सांडत होतं.

"मावशी, घाबरली होतीस?"

"मन्हा अंगठा घेतला तेव्हा सासरे असंच वाचत होते," ती म्हणाली. "तिकडं भेस्तानच्या घरी. मालक जाऊन आठ दिवस झाले होते. मी डोक्यावरचा पदर सावरत बसले."

पेला खाली ठेवून ती भिंतीला टेकली. मी भाकरीचं पीठ मळायला घेतलं तशी परातीकडं बघत हळूच म्हणाली, "दोन जास्तीच्या टाकशील? एकटीसाठी थापायला हात उचलत नाही."