कुंडलिकरावांची गाडी मागे जात नाही

कुंडलिकरावांनी एका सकाळी चहाची बशी खाली ठेवून जाहीर केलं, की आठवड्याच्या आत आपल्या गाडीला हाताचे गिअर बसवून आणतो, मग बघा म्हणावं गाडी चालवणं कशाला म्हणतात! ऐकायला घरात दोघीच होत्या. आई अंबूबाई गुडघ्याला तेल चोळत होती आणि बायको सुलक्षणा भाकरी थापत होती. दोघींनीही मान वर केली नाही.

गाडी मात्र होती नामी. पुण्याच्या कुणा हौशी माणसानं तरुणपणी वेगाच्या नादानं घेतलेली आणि म्हातारपणी पाठ धरली म्हणून विकलेली. बुटकी, रुंद, आणि सुरू केली की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं ताणायची. इंजिन असं दमदार की घाटाचा चढ तिला चढ वाटत नसे. पण गिअर आपोआप पडत, आणि तिथंच सगळं बिघडलं होतं.

कुंडलिकरावांचं निम्मं आयुष्य भोर-हिर्डोशी रस्त्यावर वडापची, माणसं कोंबून नेणारी जीप हाकण्यात गेलेलं. त्यांचा डावा पाय क्लच शोधायचा. क्लच नाही म्हटल्यावर तो पाय सापडेल ते दाबायचा, आणि सापडायचा ब्रेक. एकदा अशीच गाडी थांबली, तेव्हा मागं बसलेली अंबूबाई बोंबलांच्या टोपलीसकट पुढच्या सीटवर आली. त्या दिवशी चावी सुलक्षणाकडे गेली ती गेलीच. ती आरामात गाडी चालवायची आणि कुंडलिकराव शेजारी बसून चुळबुळ करायचे. कधी काच खाली, कधी वर, कधी आरसा फिरव, कधी आपला पट्टाच ओढून बघ. पारावरची मंडळी मुद्दाम विचारायची, "काय कुंडलिकराव, आज बी डावीकडंच?"

तेव्हा खरं दुखणं गिअरचं नव्हतं, सीटचं होतं. गाडीला गिअर आले की सुलक्षणाला ती चालवता येणार नाही, आणि चाक आपल्या हातात परत येईल, असा त्यांचा साधा हिशेब. घरात मात्र त्यांनी इंजिनाच्या तब्येतीचं कारण सांगितलं. सुलक्षणानं भाकरी उलटली आणि म्हणाली, "करा. पन एक जरी बिघाड निघाला, तर जुनं हाय तसं परत बसवून आणायचं. मग पुन्हा नाव काढायचं न्हाई."

भोरच्या गोरख मिस्त्रीनं काम घेतलं. आठवडा म्हणता म्हणता पाऊण हंगाम गेला. भंगारात गेलेल्या तसल्याच एका गाडीचा गिअरबॉक्स पुण्याहून आला, पण क्लच आला नाही. क्लच आला तर त्याचं पेडल नाही. पेडल आलं तेव्हा गाडीच्या पोटाला भोक पाडायला गोरखचा हात धजेना. कुंडलिकराव रोज एसटीनं भोरला जायचे, गोरखच्या डोक्यावर उभे राहायचे, आणि गोरख त्यांना चहा आणायला पाठवून तेवढ्या वेळात काम उरकायचा. शेवटी एकदाची गाडी उभी राहिली. गोरखनं हात पुसले.

"मालक, पुढचे पाच बी गिअर लोण्यावानी पडत्यात. मागचा तेवढा पडत न्हाई. त्याचा दांडा दुसऱ्याच मॉडेलचा आलाय. नवा येस्तवर पुढं पुढं चालवा."

हे घरी कळलं तर संपलंच. कुंडलिकरावांनी गोरखला शपथ घातली आणि गाडी पुढं पुढं घरी आणली.

मग त्यांच्या जिवाला चैन म्हणून उरली नाही. कुठंही जायचं म्हटलं की आधी बाहेर कुठून पडायचं याचा विचार. ज्या हॉटेलसमोर गाडी वळत नाही तिथला चहा सुटला. घराच्या अंगणात सुलक्षणा पूर्वी गाडी उलटी लावायची, ते बंद झालं. वाडीचा रस्ता भैरोबाच्या देवळाशी संपतो, आणि गाडीचं तोंड फिरवायला जागा म्हणजे देवळाभोवतीचा बोळ. त्यामुळे येता-जाता कुंडलिकरावांची गाडी देवळाला वळसा घालू लागली.

एवढ्यावर निभावलं असतं. पण एके दिवशी सुलक्षणाला घेऊन भोरहून येताना भाटघरच्या अलीकडच्या अरुंद मोरीवर मानसिंगचा दुधाचा टेम्पो समोर आला. टेम्पो जवळजवळ मोरी ओलांडून आला होता, तेव्हा मागं हटायचं कुंडलिकरावांनी. मानसिंगनं हॉर्न दिला. कुंडलिकराव ढिम्म. मानसिंग उतरून आला आणि गाडी मागं घ्या म्हणाला. कुंडलिकराव घेता येत नाही म्हणाले. शेजारून सुलक्षणा त्यांच्याकडे बघत होती. "का वो घेता येत न्हाई?" तिनं विचारलं.

कुंडलिकरावांच्या तोंडातून निघून गेलं, "नवस हाय. गाडी मागं घ्यायची न्हाई."

मानसिंगनं हात जोडले आणि निमूट सगळा टेम्पो उलटा नेला. सुलक्षणा पुन्हा समोर रस्त्याकडे बघू लागली. मानसिंग मात्र दुधाबरोबर ही बातमी घरोघर घालत गेला. देवळाच्या गेनबा गुरवानं ती ऐकली आणि वळशांचा उलगडा त्याला झाला. म्हणजे हा पठ्ठ्या रोज गाडीसकट प्रदक्षिणा घालतोय! कशासाठी, ते अंबूबाईनं स्वतःच ठरवलं. पोरगं आपल्या गुडघ्यासाठी देवाला शिणवतंय, म्हणून तिचे डोळे भरून आले. प्रदक्षिणा बघायला ती रोज देवळापर्यंत चालत येऊ लागली आणि त्या चालण्यानं तिचा गुडघा खरोखरच सुटला.

मग काय विचारता! मानसिंगचा टेम्पो वळसा घालून जाऊ लागला, कुणाचा नवा ट्रॅक्टर आला तो आधी देवळाला फिरला, पलीकडच्या वाडीचा डीजेवाला आपली गाडी घेऊन आला तो बोळात अडकून बसला. त्याला काढताना लोक म्हणाले, मागं घेऊ नका, नवस मोडंल. आणि पुढची भिंतच जराशी पाडली. गेनबा कुंडलिकरावांना वाकून रामराम करू लागला. कुंडलिकरावांना अन्न गोड लागेना. रात्री झोपेत त्यांचा हात गिअर टाकत राहायचा.

अखेर दांडा आला. गोरखनं तो बसवला आणि कुंडलिकराव अख्खी दुपार भोरच्या मैदानात गाडी नुसती मागंच घेत फिरले. किती दिवसांची भूक ती! त्याच धुंदीत ते संध्याकाळी वाडीत शिरले, देवळासमोर आले, हात शेजारच्या सीटवर टाकला, मान वळवली आणि झोकात गाडी उलटी घेत आपल्या अंगणात लावली.

उतरले तेव्हा आरतीला जमलेला सगळा गाव त्यांच्याकडे बघत होता. टाळ थांबले होते. अंबूबाई मटकन पायरीवर बसली आणि गुडघा धरून म्हणाली, "गेला. माजा गुडघा गेला."

गेनबानं निवाडा द्यायला वेळ लावला नाही. नवस मोडला त्याचं प्रायश्चित्त म्हणून त्याच गाडीनं फेऱ्या घालायच्या, म्हातारीला गाडीत बसवायचं. पण मोडणाऱ्यानं चाकाला हात लावायचा नाही. घरच्या लक्ष्मीनं गाडी चालवायची.

कुंडलिकरावांना एवढ्या फजितीतही जरा बरं वाटलं. "ती कशी चालवंल?" ते म्हणाले. "गिअरची गाडी हाय. तिला येत न्हाई."

सुलक्षणानं चावीसाठी हात पुढं केला. सासूला शेजारी बसवलं, पट्टा लावून दिला, क्लच दाबला आणि गाडी अशी निघाली की समईतली ज्योतही हलली नसती.

"हिर्डोशीला माज्या बापाची पिकअप व्हती," काच खाली करून ती हळूच म्हणाली. "लगीन व्हईस्तवर भाताची पोती मीच न्हेत व्हते. तुमी कधी इचारलं न्हाई."

"आन तो मागच्या गिअरचा बिघाड बी तुला ठाव व्हता?" कुंडलिकरावांनी गाडीबरोबर चालत, घाबरत विचारलं.

"तो त्या मोरीवरच कळला. लग्नाला एवढी वर्सं झाली, तुमी पायी कधी देवळाला एक फेरी मारली न्हाई. नवस कसला करताय?"

तेवढ्यात अंबूबाईनं आतून फर्मावलं, की तू चपला काढून गाडीमागनं चालत ये. तेव्हा कुंडलिकराव आपल्या गाडीच्या मागून अनवाणी चालू लागले. देवळामागच्या चढाला पहिला गिअर, सपाटीला दुसरा. निदान एकदा तरी गिअर खरडल्याचा आवाज येईल म्हणून ते कान देऊन चालत होते. शेवटच्या फेरीपर्यंत आला नाही.