‘डोके सांभाळा’

हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात अश्वजितला सुरक्षा अधिकारी म्हणून लागून महिना होत आला, तरी एक धोका काही त्याला सापडेना. मशिनींच्या जाळ्या, आग विझवायची नळकांडी, सगळं आधीच्याच माणसानं करून ठेवलं होतं. नोकरी पक्की व्हायची तर काहीतरी दाखवायला हवं! म्हणून गोदामाच्या दारातली जुन्या शटरची डोक्याच्या उंचीवर आलेली लोखंडी पट्टी नजरेत भरली, तेव्हा त्याला लॉटरीच लागली.

“याच्यावर डोकं आपटू शकते!”

“आजवर तं कोनाचं आपटलं नाई जी,” झाडू थांबवत सुलोचनाबाई म्हणाली.

“आपटाची वाट पाहाची का?”

पट्टीवर पत्र्याची पाटी चढली: ‘डोके सांभाळा’. थोड्याच वेळात फिटर रूपराव कपाळ धरून हजर.

“पाटी नाई वाचली का?”

“वाचूनच राह्यलो होतो ना साहेब! वाचाले मान वर केली अन् टन्नकन लागलं.”

अश्वजितनं पाटी बाजूच्या भिंतीवर नेली. आता लोक मान वळवून वाचायचे आणि तसेच जाऊन धडकायचे. मग त्यानं पट्टीला कापसाचं पोतं गुंडाळलं. डोकी वाचली, पण पोतं वरच्या तापलेल्या दिव्याला टेकलंय हे दिसलं मात्र, त्याची पाचावर धारण बसली. गोदामभर कापूस! स्टुलावर चढून त्यानं पोतं ओरबाडलं, घाईनं उतरला, आणि त्याचंच टाळकं पट्टीवर आपटलं.

“आता काय करता जी?” टेंगळावर हळद चोपडत सुलोचनाबाईनं विचारलं.

“पट्टीच काढून टाकतो!”

कापूस लांब हलवून रूपरावनं पट्टी कापली. दार मोकळं झालं.

दुसऱ्या दिवशी मालक अण्णाजी काम पाहायला आले. गाडीचा आवाज ऐकून अश्वजित आतून धावला. अण्णाजी वर्षानुवर्षांच्या सवयीनं दारात वाकले. अश्वजित टेंगळाच्या धाकानं वाकला. दोघांच्याही नजरा जमिनीला.

ठण्ण!

“काऊन रे,” कपाळ चोळत अण्णाजी खाली बसले, “धोका काढला म्हणत होता ना?”

“काढला, अण्णाजी,” अश्वजितही शेजारी टेकला. “पण त्याच्या जागेवर मी लागलो.”