अठ्ठेचाळीस वांग्यांचा भागाकार

शैक्षणिक साहित्य कसं असावं हे आमच्या कॉलेजात कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं माझ्याकडे यावं. हे मी अंतिम पाठाच्या आदल्या दिवसापर्यंत छातीठोकपणे सांगत होते.

प्राथमिक शिक्षणाच्या पदवीचं माझं चौथं वर्ष खरं तर मागच्या वर्षीच संपायचं. गणिताचा अंतिम पाठ तेवढा राहिला. मी थर्माकोलची सफरचंदं नेली होती आणि परीक्षकांनी शेरा मारला, 'साहित्य कृत्रिम.' त्या दोन शब्दांपायी माझं एक वर्ष गेलं. यंदाही पाठ बुडाला तर पदवी आणखी वर्षभर लटकणार होती, आणि घरी सासूबाईंनी 'ही शिकते की शिकवते?' असं विचारायला सुरुवात केलीच होती.

म्हणून यंदा अस्सल माल आणायचा ठरवला. विषय भागाकार, इयत्ता तिसरी. माझं माहेर नशिराबादचं. दीपकदादाच्या मळ्यातली अठ्ठेचाळीस हिरवी, पोटुशी वांगी क्रेटमध्ये भरली आणि एसटीनं धुळ्याला आणली. सहा गट, प्रत्येकाला आठ वांगी, बाकी शून्य. यात चुकायला जागाच कुठे होती?

सरावाची शाळा धुळ्याजवळच्या एका खेड्यात होती. शाळा समितीचे अध्यक्ष तोताराम आबा आदल्या दिवशी स्टँडवर भेटले. मी म्हटलं, "आबा, उद्या माझा शेवटचा पाठ. मोठे साहेब येणार आहेत. वांगी मी आणते, बाकीची तयारी तेवढी बघा."

मला म्हणायचं होतं, फळा पुसून ठेवा, सतरंज्या घाला.

सकाळी क्रेट शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या ओट्यावर ठेवली आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत पाठाच्या टाचणावर शेवटचा हात फिरवत बसले. साडेअकराला पाठ. अकरा वाजता सोबत आलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीला, अलफियाला म्हटलं, क्रेट वर्गात आण. ती हात हलवत परत आली.

"दिपमाला, वांगी आहेत. पण भाजलेली आहेत."

मी धावत मागच्या अंगणात गेले. कपाशीच्या काड्यांचा जाळ, भोवती पंधरा-वीस माणसं, आणि स्वयंपाकवाल्या पुष्पाबाई शेवटच्या वांग्याची साल काढत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुराचं नव्हतं ते.

"कसाले रडी राहिन्यात बाई?" पुष्पाबाई म्हणाल्या. "बठ्ठा वांगा भुंजाई गयात. पोरेसले भरीत आवडस."

"अक्का, ते माझं साहित्य होतं!"

"मंग? साहित्य चांगलं शे. कांदानी पात आम्ही आणी."

दोष कुणाला देणार? थंडीच्या दिवसांत 'वांगी मी आणते' म्हटल्यावर खानदेशातल्या माणसाच्या डोक्यात भागाकार येत नाही. मी स्वतः इथलीच, मला हे कळायला हवं होतं. कुणी शेंगदाणे आणले होते, कुणी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. आणि 'बाईची वांगी कमी पडतील' म्हणून लोकांनी घरची वांगीसुद्धा आणून आगीत टाकली होती.

उरले होते फक्त देठ. मी दात-ओठ खात सगळे देठ पदरात गोळा केले आणि वर्गात शिरले.

"मोजा," मी म्हटलं. पोरांनी मोजले. एकाहत्तर. माझं टाचण तिथेच संपलं. मी संतापून म्हटलं, "करा सहा गट." त्यांनी अकरा-अकराचे गट केले आणि पाच देठ माझ्यापुढे ठेवले. मेघा नावाची एवढीशी मुलगी उभी राहिली. "बाई, या पाच कोनलेच देऊ नका. पाच जनसले भेटतीन, सहावा रडी. म्हनीसन त्या बाकी शेतस."

पाच वर्षांत इतकी चांगली 'बाकी' मला कुणी समजावली नव्हती. मग पोरं सातचे गट करून बघायला लागली, नऊचे करून बघायला लागली. हात काळे, नाकं काळी, आणि एकही पोर खिडकीबाहेर बघत नव्हतं. मला भरून आलं. शिकवणं म्हणजे हेच असावं, असं पहिल्यांदाच वाटलं.

फक्त वर्गात परीक्षक नव्हते.

रुपचंद सर वेळेवर आले होते, पण फाटकातच तोताराम आबांनी त्यांना गाठलं आणि बाजेवर बसवलं. पाहुणा आधी जेवतो, मग बोलतो, ही आबांची रीत. सर पाठ संपल्यावर दारात आले, रुमालानं मिशा पुसत. त्यांनी काळ्या हातांची पोरं बघितली, देठ बघितले, माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवली आणि तिथेच उभ्यानं गुणपत्रक भरलं.

"उत्तम. साहित्य अस्सल, समाजाचा सहभाग पूर्ण," ते म्हणाले. "असा पाठ मी पहिल्यांदा अनुभवला."

पन्नासपैकी सेहेचाळीस. मी अलफियाला मिठी मारली. सरांची गाडी धूळ उडवत निघून गेली. मी सासूबाईंना फोन लावला आणि ओरडूनच सांगितलं, "झाले पास!"

अलफिया अजून कागदच वाचत होती.

"दिपमाला, फोन ठेव."

"का?"

तिनं कागद माझ्यापुढे धरला. विषयाच्या रकान्यात सरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'कार्यानुभव: पाककृती.' आणि खाली, 'गणिताचा अंतिम पाठ बाकी.'