उभ्याने मीटिंग

उद्यापासून या विभागात कुणी बसणार नाही, असं पॅकिंगच्या साहेबांनी जाहीर केलं, तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं, नोकरी गेली!

तसं काही नव्हतं. काचेच्या बरण्यांच्या त्या कारखान्यात साहेबांची सकाळची मीटिंग जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालायची आणि तोवर ट्रक फाटकापाशी ताटकळत उभे. शेवटी डायरेक्टर वैतागले. महिनाअखेरीस स्वतः येऊन बघतो म्हणाले, मीटिंग दहा मिनिटांत उरकली नाही तर पॅकिंग विभाग विक्रीच्या साहेबांच्या हाताखाली जाईल. आता विक्रीचे साहेब म्हणजे आपल्या साहेबांचे सख्खे साडू. घरच्या प्रत्येक कार्यात ज्याच्या शेजारी बसून जेवायचं, त्याच्यापुढे रजेचा अर्ज धरायचा? "राजीनामा तोंडावर फेकीन, पण त्याला साहेब म्हणणार नाही," असं त्यांनी बायकोला ठणकावून सांगितलं. बाई भाजी निवडत होत्या. त्यांनी नुसती मान डोलावली.

दोष कुणाचा, हे साहेबांनी तत्काळ ओळखलं. खुर्च्यांचा! माणूस टेकला की सैलावतो आणि सैलावला की पाल्हाळ लावतो. त्यांनी मीटिंगच्या खोलीतल्या झाडून सगळ्या खुर्च्या बाहेर काढल्या. गोदामवाल्याने त्या ठेवून घ्यायला साफ नकार दिला, जिन्यात ठेवाव्यात तर सुरक्षा अधिकारी आडवा आला. मग साहेबांनी बाणेदारपणे त्या आपल्याच केबिनमध्ये कोंबल्या. स्वतःच्या टेबलापर्यंत पोचायला आता त्यांना अंग चोरून जावं लागे. पण माघार घेतील ते साहेब कसले!

तपासणीच्या दिवशी डायरेक्टरांना यायला उशीर झाला. साहेब कुणासाठी थांबणारे नव्हते. त्यांनी लोकांकडे पाठ केली, खडू उचलला आणि उभं राहण्याचे फायदे फळ्यावर लिहायला घेतले. पहिला फायदा पाठीच्या कण्याचा होता. त्याची आकृती काढण्यातच बराच वेळ गेला.

सुपरवायझरबाईंचे गुडघे आधीच कुरकुरत होते. त्या हळूच सटकल्या आणि समोर साहेबांच्याच केबिनमधल्या खुर्चीत जाऊन टेकल्या. मागोमाग गोदामवाला गेला, मग ट्रकांचं बघणारा, मग बाकीचे. पावलं वाजत होती, पण साहेबांना वाटलं, लोक उत्साहाने चुळबुळतायत.

डायरेक्टर आले ते केबिनमधलं बोलणं ऐकून दारातच थबकले. आत सगळे गुडघ्याला गुडघा लावून बसलेले. बाई सांगत होत्या की दोन बरण्यांच्या मध्ये घालायचे पुठ्ठे हॉलच्या दुसऱ्या टोकाला पडलेले असतात, सगळा खोळंबा त्यानेच होतो. उद्यापासून हाताशी आणून ठेवतो, गोदामवाला म्हणाला. मग माझा पहिला ट्रक सकाळीच सुटेल, ट्रकवाल्याने हिशेब मांडला. झालं, मंडळी उठली. डायरेक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि ते मीटिंगच्या खोलीत शिरले.

साहेब तिसऱ्या फायद्यावर होते. ऐकायला एक कारकून उरला होता, तोही भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपलेला.

"मीटिंग पाहिली," डायरेक्टर म्हणाले. "दहा मिनिटंही लागली नाहीत. विभाग तुमच्याकडेच राहील."

साहेबांनी वळून पाहिलं. खोली रिकामी!

"फक्त उद्यापासून तुम्ही मीटिंगला जायचं नाही. इथेच थांबायचं."

साहेब उसळले. माझ्याविना मीटिंग होणं कसं अशक्य आहे, हे त्यांनी मुद्देसूद सांगायला सुरुवात केली. डायरेक्टर दुसऱ्या मुद्द्याला निघून गेले. साहेबांनी राहिलेले मुद्दे त्या कारकुनाला ऐकवले. सोडतात की काय!

संध्याकाळी ते छाती पुढे काढूनच घरात शिरले.

"सांग तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला! विभाग माझाच राहिला. आजची मीटिंग दहा मिनिटांत संपली, दहा!"

बायकोने कौतुकाने वर पाहिलं.

"अगं बाई! मग तुम्ही कुठे होतात?"